वरचं पातं

सावकाश हे नाव त्याच्या आईबापांनी ठेवलेलं नव्हतं, गिऱ्हाइकांनी ठेवलं होतं. त्याच्या दुकानात दाढीला बसलेला माणूस उठेपर्यंत दाढी पुन्हा वाढलेली असते, असं गल्लीतले लोक म्हणायचे, आणि तेच लोक दर आठवड्याला येऊन त्याच्यापुढे निमूट मान झुकवायचे. कारण चाळीस वर्षांत त्यानं कुणाच्या कानाला साधा ओरखडा काढला नव्हता. घाई करणारा न्हावी आणि घाई करणारा डॉक्टर, दोघांपासून लांब राहावं, असं त्याचे वडील सांगायचे. वडिलांचं सगळंच त्यानं ऐकलं होतं अशातला भाग नाही, पण हे ऐकलं होतं.

दुकान लहानसं. दोन खुर्च्या, दोन आरसे, कात्र्या-वस्तऱ्यांचा एक खण आणि मागच्या भिंतीला लागून लाकडी बाक. त्या बाकाच्या डाव्या टोकाचा रंग पार उडालेला आहे. तिथे त्याचा धाकटा भाऊ बसायचा. वयाच्या दहाव्या वर्षापासून त्रेचाळिसाव्यापर्यंत, सकाळी दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत.

धाकट्याला बोलता येत नव्हतं. जन्मापासूनच तसा. भूक लागली की पोटावर हात ठेवायचा, राग आला की भिंतीकडे तोंड करून बसायचा, एवढीच त्याची भाषा. पण एक गोष्ट त्याला फार छान यायची. वडिलांची हातमशीन चालू झाली, की तो टाळूला जीभ लावून तोच आवाज काढायचा. कच कच कच कच. मशीन थांबली की तोही थांबायचा, पुढच्या गिऱ्हाइकाच्या मानेवर चालू झाली की पुन्हा सुरू. एकदाही चुकत नसे. ‘‘एका दरात दोन मशिनी!’’ असं गिऱ्हाइकं म्हणायची, आणि धाकट्याला शब्द कळले नाहीत तरी आपलं कौतुक चाललंय हे कळायचं. तो मान ताठ करायचा.

हातमशीन हल्ली कुणी पाहिलेली नसते, म्हणून सांगतो. पक्कडीसारख्या दोन मुठी, आणि पुढे दात असलेली दोन पाती, एकावर एक. मुठी दाबल्या की वरचं पातं खालच्या पात्यावरून बाजूला सरकतं, आणि सोडल्या की आतली छोटी स्प्रिंग त्याला जागेवर आणते. दाबा, सोडा, दाबा, सोडा. केस कापणारी पाती असतात हे खरं, पण मशीनचा जीव त्या स्प्रिंगमध्ये असतो.

मग विजेची मशीन आली. सगळ्यांकडे आली, सावकाशकडे सगळ्यात शेवटी. पलीकडच्या चौकातली दुकानं माणसाला पाच मिनिटांत मोकळं करत होती, आणि सावकाशच्या बाकावर धाकट्याशिवाय कुणी बसेनासं झालं होतं. एके सोमवारी त्यानं ती घरघरणारी वस्तू आणून खटका दाबला. धाकटा बाकावरून उठला आणि त्यानं समोरच्या आरशावर डोकं आपटलं. आरसाही फुटला, कपाळही फुटलं. पुढे वर्षभर सावकाशनं किती तऱ्हा करून पाहिल्या. कमी आवाजाची मशीन आणली, धाकट्याच्या कानात कापूस घातला, मशीन चालू करायच्या आधी त्याला मागच्या खोलीत नेऊन बसवलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी धाकट्याला संस्थेत ठेवायचं ठरलं. ठरलं म्हणजे काय, सावकाशनं ठरवलं. आई असती तर तिच्यावर ढकलता आलं असतं, पण ती आधीच गेली होती. दुकान राहिलं आणि धाकटा गेला, हे तो कुणाला बोलून दाखवायचा नाही, पण बाकाच्या डाव्या टोकाला त्यानं पुन्हा रंग दिला नाही.

संस्था गावाच्या कडेला, दोन बस बदलून जावं लागे. लांबलचक व्हरांडा, कंबरेपर्यंत हिरव्या रंगाच्या भिंती, ओळीनं लोखंडी खाटा. तिथे दोन नियम होते. एक, सगळ्यांचे केस बारीक हवेत, कारण उवा. दुसरा, आत टोकदार किंवा धारदार काही आणायचं नाही. कात्री नाही, वस्तरा नाही. पहिल्या खेपेला त्यांनी धाकट्याला विजेची मशीन लावली तेव्हा चार माणसांनी त्याला धरलं होतं. त्यानंतर आठ दिवस तो जेवला नाही. तेव्हा संस्थेच्या मोठ्या बाईंनी स्वतःहून सावकाशला बोलावलं आणि विचारलं, ‘‘तुम्हीच का नाही कापत याचे?’’ सावकाशनं वडिलांची हातमशीन दाखवली. बाईंनी ती उलटसुलट करून पाहिली, दातांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, ‘‘हिला टोक नाही. चालेल.’’

तेव्हापासून दर चौथ्या रविवारी सकाळी, अकरा वर्षं. अंगणातल्या झाडाखाली स्टूल, स्टुलावर धाकटा, गळ्याला पांढरं फडकं. मशीनची कच कच आणि जिभेची कच कच. दोघा भावांचं जे काही बोलणं व्हायचं ते एवढंच, आणि सावकाशला ते महिनाभर पुरायचं.

अशाच एका रविवारी स्प्रिंग तुटली.

डावा कान झाला होता, मागची मान झाली होती, टाळूपर्यंत अर्धं डोकं झालं होतं. ‘टक्’ असा आवाज आला आणि मुठी मिटल्या त्या मिटल्याच. स्प्रिंगचा एक तुकडा सावकाशच्या तळव्यात राहिला, दुसरा उडून कुठे गवतात पडला. धाकट्याची जीभ आणखी दोन-तीनदा वाजली आणि थांबली. त्यानं मान वळवून भावाकडे पाहिलं. सावकाशनं डाव्या हातानं मुठी उघडत आणि उजव्या हातानं मिटत चार केस कापून बघितले, पण तसा ताल जमेना, आणि एक झटका बसल्यावर धाकटा स्टुलावरून उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

‘‘अहो, अर्धंच झालं की!’’ मोठ्या बाई म्हणाल्या.

‘‘स्प्रिंग गेली. नवी बसवून आणतो.’’

‘‘किती दिवस?’’

‘‘पुढच्या खेपेला घेऊन येतो. स्प्रिंगच तर आहे.’’

‘‘बघा बरं का. दुसऱ्या खोलीत उवा निघाल्यात. चार आठवडे थांबते मी तुमच्यासाठी. मग आमची मशीन लावावी लागेल. मला काही हौस नाही हो, पण उवा काय एकाच डोक्यात राहतात?’’

‘स्प्रिंगच तर आहे’, असं म्हणून सावकाश निघाला. त्याला वाटलं होतं, उद्या दुकानात जाईन, नमुना दाखवीन, पुडी बांधून घेईन.

सलूनच्या सामानाचं मोठं दुकान होतं, तिथे तो दुसऱ्याच दिवशी गेला. तिथला माणूस तो तुकडा बघून हसला. ‘‘हातमशीन? तुमच्याकडे अजून आहे? काका, एकदा घेऊन या, फोटो काढू.’’

‘‘फोटो काढ नंतर. आधी स्प्रिंग दे.’’

‘‘अहो, ती बनवणारा कारखाना बंद पडून वर्षं लोटली. स्प्रिंग कशाला शोधता, ही घ्या, चार्जिंगची. नळाखाली धुतली तरी चालते.’’

‘‘आवाज होतो?’’

‘‘होणारच. आवाज नाही झाला तर चालू आहे हे कळणार कसं?’’

सावकाशनं ती कानामागच्या हाडाला लावून पाहिली. घरघर हाडातून थेट दाढांपर्यंत गेली. त्यानं ती परत ठेवली.

मग हार्डवेअरची दुकानं झाली. एकानं स्प्रिंगांचा अख्खा ट्रे पुढे ओतला. पेनाच्या, टॉर्चच्या, कुलपाच्या, गाडीच्या सीटखालच्या. सावकाशला हवी होती ती दोन वेटोळ्यांची आणि दोन पायांची. एक पाय एका मुठीत, दुसरा दुसरीत. तशी त्या ढिगात नव्हती. घरी येताना त्याला आठवलं की कपड्यांच्या चिमट्यातली स्प्रिंगसुद्धा दोन पायांची असते. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोचे धुतलेले कपडे अंगणभर उडाले.

‘‘अहो, दोरीवरचे चिमटे कुठे गेले?’’

‘‘जरा घेतलेत.’’

‘‘जरा म्हणजे बाराच्या बारा?’’

‘‘एखादी बसते का बघत होतो. मशीनला.’’

तिनं टेबलावरचे चिमट्यांचे उघडे जबडे पाहिले, नवऱ्याची तेलकट बोटं पाहिली. थोड्या वेळानं शेजारणीकडून मागून आणलेले सहा चिमटे घेऊन आली. ‘‘हे जरा जाड आहेत. हेही बघा,’’ म्हणाली. तेही बसले नाहीत. दोनदा दाबलं की पाय निसटायचा.

दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी स्प्रिंगवाल्याचा पत्ता दिला. हा म्हातारा शटरच्या आणि कुलपांच्या स्प्रिंगा हातानं वळायचा. खोलीत पाऊल ठेवायला जागा नाही इतक्या तारा टांगलेल्या. त्यानं तुकडा चिमट्यात धरून दिव्याखाली नेला आणि बराच वेळ पाहिला. गेल्या दहा दिवसांत त्या तुकड्याकडे न हसता पाहणारा तो पहिला माणूस होता.

‘‘वळून देतो,’’ तो म्हणाला. ‘‘पण वळणं सोपं आहे. पाणी देणं अवघड. पोलाद तापवून विझवलं की त्यात जी जान येते ती किती यावी, ते जुन्यांना माहीत होतं. आपण अंदाजपंचे.’’

पहिली स्प्रिंग वीस वेळा दाबल्यावर वाकून पडली, तिच्यात जानच नव्हती. दुसरीला जास्त पाणी बसलं, ती काचेसारखी तुटली. तिसरी तुटेनाही, वाकेनाही. ती दाबायला सावकाशला दोन्ही हात लागले. स्प्रिंगवाल्यानं स्वतःच्या कपाळावर हात मारला. ‘‘अर्ध्या तुकड्यावरून मला पुढचं वेटोळं कळत नाही. दुसरा तुकडा आण.’’

म्हणून सावकाश बुधवारीच संस्थेत गेला. झाडाखाली गुडघ्यांवर बसला आणि गवत बोटांनी विंचरत सुटला. एकसष्ट वर्षांचा माणूस, चष्मा घामानं घसरतोय, नखांत माती. बाटलीचं झाकण सापडलं, बटण सापडलं, खिळा सापडला. अर्ध्या तासानं त्याला आवाज ऐकू आला. कच कच कच. त्यानं वर पाहिलं. खिडकीच्या गजांमागे धाकटा उभा होता. एका बाजूला बारीक केस, दुसऱ्या बाजूला कानावर आलेली झुलपं, आणि तोंडभर हसू. भाऊ आला म्हणजे रविवार, रविवार म्हणजे मशीन. सावकाशनं दोन्ही रिकामे हात वर करून दाखवले. धाकटा वाजवतच राहिला. सावकाश तोंड फिरवून फाटकाबाहेर आला आणि बसस्टॉपवर उभ्या उभ्या रडला. लोकांनी पाहिलं, पण त्याला त्याचं काही वाटलं नाही.

तुकडा सापडला नाही. तिसरा आठवडा भंगारवाल्यांकडे गेला. एकाकडे मशीन होती, पण गंजून तिचा दगड झाला होता. एकानं ‘परवाच वितळवायला गेली’ असं सांगितलं. खरं खोटं देव जाणे. सावकाश रात्रीचा नीट झोपेना. दुकानात मशीन चालवताना हात मध्येच थांबायचा. गिऱ्हाइकं म्हणाली, आधीच सावकाश, त्यात आता चिंता.

चौथ्या आठवड्याच्या शनिवारी दुपारी रोज पेपर वाचायला येणारे मास्तर सहज म्हणाले, ‘‘अरे, तुझ्यासारखी मशीन त्या चौकातल्या नव्या सलूनच्या भिंतीवर लटकलीये की. शोभेला.’’

सावकाशनं दाढी अर्धी टाकली. खुर्चीतल्या माणसाच्या तोंडाला फेस तसाच, आणि हा रस्ता ओलांडून गेलासुद्धा. त्या सलूनात तो कधी चढला नव्हता. आत थंडगार, भिंतीवर काळी फळी, फळीवर दिव्याच्या झोतात जुने वस्तरे, जुना ब्रश, आणि मधोमध हातमशीन. तोच कारखाना, तोच आकार. आयुष्यात एकदाही न वापरलेली.

‘‘काका, तुम्ही? आमच्याकडे कटिंगला?’’ तिथला तरुण मालक म्हणाला. कारागीर हसले.

‘‘त्या मशीनची स्प्रिंग देतोस का? फक्त स्प्रिंग. मशीन तशीच लाव परत. बाहेरून कुणाला कळणार नाही.’’

का हवी, हे सावकाशनं चार वाक्यांत सांगितलं. पोरगा गोरामोरा झाला. त्यानंच स्टुलावर चढून मशीन सोडवली. ‘‘अख्खीच न्या. मी तिथे दुसरं काही लावतो.’’

आता इथे तुम्ही म्हणाल, मग प्रश्नच मिटला, अख्खी नवी मशीन मिळाली. पण फळीवर बसवताना सुतारानं खालच्या पात्यातून सरळ स्क्रू घातला होता. तीन दात गेले होते. म्हणजे ती मशीन म्हणून बाद. स्प्रिंग मात्र धडधाकट.

सावकाशनं दुकानात येऊन आधी अर्धी दाढी पुरी केली, आणि मग दार लोटून दोन्ही मशिनी पेपरवर उघडल्या. नवी स्प्रिंग वडिलांच्या मशीनमध्ये बसवली. बसली! दाबलं, सोडलं. कच कच कच. बरोबर तोच आवाज. चार आठवड्यांत पहिल्यांदा त्याला श्वास पोटापर्यंत गेल्यासारखा वाटला.

तिथे थांबायला हवं होतं. पण प्रत्येक कारागिराच्या तोंडी एक वाक्य असतं, आणि जगातली निम्मी अवजारं त्या वाक्यानं मेली आहेत: आता उघडलंच आहे तर. सावकाशला शोभेच्या मशीनचं वरचं पातं दिसलं. लखलखीत, एकूण एक दात शाबूत. वडिलांच्या पात्याचा एक दात केव्हाचाच तुटलेला होता. त्यामुळे प्रत्येक पट्ट्यात केसांची एक बारीक रेघ मागे राहायची आणि दुसऱ्यांदा फिरवावं लागायचं. महिनाभर अर्ध्या डोक्यानं हिंडला बिचारा, उद्या त्याला एका हातात साफ करावं, असं सावकाशच्या मनात आलं. त्यानं वरचं पातं बदललं.

आणि वडिलांनी दुसरी एक गोष्ट सांगितलेली होती. पात्यांची जोडी फोडू नये. वरचं आणि खालचं वर्षानुवर्षं एकमेकांवर घासून एकमेकांपुरती झालेली असतात. एक बदलायचं तर दोन्ही बदल. हे सावकाशला माहीत नव्हतं का? पाठ होतं. पण जन्मात एकदा त्याला घाई झाली होती. उद्या रविवार होता.

त्यानं मशीन मास्तरांच्या डोक्यावर चालवून पाहिली. सुरेख चालली. मास्तरांच्या डोक्यावर केस होते किती? त्या डोक्यावर मशीन पारखायची म्हणजे घरातल्या फरशीवर पोहायला शिकायचं.

रविवारी सकाळी स्टूल मांडलं. सावकाशनं पिशवीतून मशीन काढून नुसतीच हवेत दाबली. धाकट्याचे डोळे असे चमकले की मोठ्या बाईसुद्धा बघायला थांबल्या. तो आपणहून बसला, मान आपणहून झुकवली. महिन्यापूर्वी कापलेल्या बाजूवर केस लहान होते, तिथे मशीन झरझर गेली. कच कच, कच कच. दोघं तालात. मग सावकाश वाढलेल्या बाजूला आला. तिथले केस दोन महिन्यांचे, दाट, घामानं चिकटलेले. दुसऱ्याच पट्ट्यात वरचं पातं त्या दाट केसांवर किंचित उचललं गेलं. दोन पात्यांमध्ये फट पडली आणि केस कापले जाण्याऐवजी त्या फटीत दुमडून घट्ट बसले.

धाकटा किंचाळला आणि उठून पळाला. मशीन त्याच्या डोक्याला लटकलेली. तो जितका पळेल तितकी ती हेलकावे खाऊन ओढत होती, आणि जितकी ओढत होती तितका तो पळत होता. दोन मदतनीस धावले, आणखी दोन आले. व्हरांड्यात त्याला खाली पाडून धरलं. वरच्या पात्याचा पेच सोडवल्याशिवाय मशीन निघणार नव्हती, आणि पेच सोडवता येणारा माणूस तिथे एकच होता. सावकाश भावाच्या मानेवर गुडघा टेकून बसला आणि पेच फिरवत राहिला. ‘‘झालं, झालं, राजा, झालं,’’ असं तो म्हणत होता. धाकटा एका डोळ्यानं त्याच्याकडेच बघत होता. पातं निघालं तेव्हा त्याच्याबरोबर कानामागची केसांची बट मुळासकट निघाली.

‘‘तुमची चूक आहे असं मी म्हणत नाही,’’ मोठ्या बाई नंतर म्हणाल्या.

‘‘माझीच आहे,’’ सावकाश म्हणाला. ‘‘माहीत असून केलं.’’

‘‘पुढच्या रविवारपर्यंत थांबते. त्यापुढे नाही थांबता येणार. याच्याही डोक्यात उवा निघाल्यात.’’

घरी येऊन सावकाशनं वडिलांचं तुटक्या दाताचं पातं परत बसवलं. स्वतःच्या पायाच्या केसांवर फिरवलं, मग कुठल्यातरी जुन्या ब्रशवर, मग बायकोच्या वेणीच्या टोकावर. ती पाठ करून बसली होती. मशीन उत्तम चालली. स्प्रिंग अशी की आणखी पन्नास वर्षं बघायला नको. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, ते दुसऱ्या कुणाबद्दल म्हणत असतील असं त्याला आजवर वाटत आलं होतं.

पुढच्या रविवारी धाकट्यानं पिशवी पाहिली आणि तो खाटेखाली शिरला. सावकाश जमिनीवर मांडी घालून बसला. त्यानं मशीन काढली, धाकट्याला दिसेल अशी धरली, आणि स्वतःच्या डोक्यावर कपाळापासून टाळूपर्यंत सरळ फिरवली. कच कच कच. पांढऱ्या केसांचा पुंजका मांडीवर पडला. ‘‘बघ, दुखत नाही. बघ की रे.’’ त्यानं दुसरा पट्टा काढला, मग तिसरा. खाटेखालून दोन डोळे बघत होते. जीभ काही वाजली नाही. सावकाशनं मशीन पुढे केली, तसे धाकट्यानं दोन्ही हात डोक्यावर घट्ट दाबून धरले.

‘‘काका, तुम्ही बाहेर बसा,’’ मोठ्या बाई हलक्या आवाजात म्हणाल्या.

व्हरांड्यात बाक होता. सावकाश त्यावर बसला. आत पावलं वाजली, खाट सरकली, आणि मग ती घरघर सुरू झाली, तिच्यावर भावाचं ओरडणं. सावकाशच्या हातात मशीन होती. तो उठून दाराशी गेला आणि दाराला लावून मुठी दाबायला लागला, जितक्या जोरात दाबता येतील तितक्या. कच कच, कच कच. बोटं दुखली तरी थांबला नाही. आत काही ऐकू गेलं नसणार.

चार मिनिटांत धाकटा बाहेर आला. डोकं एकसारखं, कुठे रेघ नाही, कुठे पट्टा नाही. इतकं साफ सावकाशला अकरा वर्षांत एकदाही जमलं नव्हतं. धाकटा त्याच्यासमोरून गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

सावकाशच्या डोक्यावरचे तीन पट्टे पाहून दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांनी विचारलं, ही कुठली नवी फॅशन? त्यानं विजेची मशीन घेतली आणि उरलेलंही काढून टाकलं.

चौथ्या रविवारी तो पिशवी न घेता गेला. धाकटा खाटेवर बसला होता. जेवत होता म्हणे, या खेपेला दोन दिवसांतच जेवायला लागला. केस बोटभरसुद्धा वाढले नव्हते. सावकाश त्याच्या शेजारी बसला. मग सावकाशनं इकडेतिकडे पाहिलं, जीभ टाळूला लावली आणि जन्मात पहिल्यांदा तो आवाज स्वतः काढून पाहिला. कच कच. कच कच. त्याला काही तो नीट जमला नाही.

धाकट्यानं मान वळवली. भावाच्या तोंडाकडे नीट बघितलं. मग त्यानं ओठ मिटले, गाल फुगवले, आणि त्याच्या मिटल्या ओठांतून आवाज यायला लागला. घूंऽऽऽ. घूंऽऽऽ. अगदी हुबेहूब होता. सावकाश त्याच्या शेजारी बसून तो ऐकत राहिला.